ओ देणारा माणूस

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून सोफेवाल्यांचं दुकान आहे. मध्ये पत्र्याची भिंत. त्यांच्याकडे हातोडी चालली की माझ्याकडे काचेवर ठेवलेला कागद सरकतो आणि प्रत तिरकी येते. यावरून आमचं जुनं भांडण आहे. भांडण म्हणजे मी बोलते आणि ते ऐकतात. त्यांना उत्तर देता येत नाही, कारण त्यांच्या तोंडात चुका असतात, म्हणजे बारीक खिळे. जुनं रेक्झिन ओरबाडून काढायचं, गोणपाट ताणून धरायचं आणि मग ओठांतून एकेक चूक काढून लाकडात ठोकायची, ही त्यांची पद्धत. स्टेपल गन निघाली तेव्हा सगळ्यांनी घेतली. यांनीही घेतली आणि कपाटावर ठेवून दिली. ती अजून तिथेच आहे. "माझ्या चुका तोंडातच बऱ्या," ते म्हणतात, "बाहेर पडल्या की लोकांना टोचतात." हा विनोद ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतात, आणि पत्र्यापलीकडून मलाही तो दर वेळी ऐकावा लागतो.

तोंडात चुका असताना एकच अक्षर म्हणता येतं. ओ. त्यांना कुणीही हाक मारली की आतून ओ येते. हाक त्यांना नसली तरी येते. रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या पोराने आपल्या बापाला "बाबा" म्हटलं, तरी यांची ओ ठरलेली. मग तो बाप दचकून आत बघतो आणि हे मान खाली घालून पुन्हा ठोकायला लागतात. मी त्यांना म्हणायची, "सगळ्या गावाचे बाप व्हायचा मक्ता घेतलाय का?" ते हसायचे. हसतानाही चुका पडू द्यायचे नाहीत.

दुकानाच्या मागे तीन खोल्या आणि गच्चीवर जाणारा जिना, एवढंच त्यांचं घर. त्यात दोन भावांचा संसार. थोरले हे सोफेवाले. धाकटा वेल्डर. साधा नाही, मोठमोठ्या पाइपांना जोड देणारा. असा जोड फोटो काढून आतून तपासतात म्हणे, आणि याचा जोड कधी परत आला नाही, असं तो स्वतःच सांगायचा. थोरल्यांना एक मुलगी, आता कॉलेजात आहे. धाकट्यालाही एकच, बऱ्याच वर्षांनी झालेली. ती एका जागी उभी राहिली तरी स्वतःभोवती गोल फिरते, म्हणून तिला भिंगरी म्हणतात.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. थोरल्यांची मुलगी साहजिकच आपल्या आईबापांना आई आणि बाबा म्हणायची, आणि धाकट्या जोडप्याला काका आणि काकू. भिंगरी बोलायला शिकली ती या ताईचं ऐकून. म्हणून तीही सोफेवाल्यांना बाबा म्हणू लागली, त्यांच्या बायकोला आई, आणि जिने तिला जन्म दिला ती झाली काकू. वेल्डर झाला काका. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. चार माणसं एकत्र राहतात तिथे असं होतंच. मी स्वतः लग्न होऊन सासरी येईपर्यंत माझ्या वडिलांना दादा म्हणत होते, कारण माझ्या आत्या म्हणायच्या. आईला वहिनी म्हणायची. मी त्यांचीच मुलगी आहे, हे सिद्ध करून दाखवायची पाळी माझ्यावर कधी आली नाही, एवढाच फरक.

भिंगरीच्या डोक्यात काही गोंधळ नव्हता. "तू कुणाची गं?" विचारलं की ती म्हणायची, "काकाची आणि काकूची." आणि सोफेवाले कोण, तर बाबा. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटत नसे, आणि विचारणाराच बावळट आहे अशा नजरेने ती बघायची.

वेल्डर परदेशी गेला तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. त्या देशात कुठल्या कामाची माणसं कमी आहेत याची यादी असते, त्यात याचं काम होतं. तो गेला, टिकला, आणि मग पुढचा नियम त्याला लागू झाला. अशा कामगाराला आपला जोडीदार आणि मुलं नेता येतात. सोफेवाले स्वतः माझ्या दुकानात सांगायला आले. तोंडात चुका नव्हत्या, म्हणून मी ओळखलं की काहीतरी मोठं आहे.

"धाकटी चालली," ते म्हणाले. "आणि भिंगरीही."

"मग तुमच्या ओठांना आराम," मी म्हटलं. भिंगरी त्यांना दिवसभर हाका मारायची, म्हणून तसं म्हटलं. ते हसले, पण हसू पुरतं आलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस आनंदाने सांगतोय आणि त्याच तोंडाने गिळतोयही.

अर्जाची सगळी कागदपत्रं माझ्याच दुकानातून गेली. लग्नाचं झालं, पासपोर्टचं झालं. भिंगरीच्या जन्माचा दाखला मात्र खूप उशिरा काढलेला होता, आणि तिकडच्या कार्यालयाचा नुसत्या तेवढ्यावर विश्वास नव्हता. बाप लांब असताना बापलेकीचा संबंध राहिला आहे, हे दाखवणारं काहीतरी द्या, असं त्यांनी कळवलं. भिंगरी नुकतीच लिहायला लागली होती. ती वहीच्या पानावर लिहायची आणि धाकटी त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवायची. तीच पानं द्यायचं ठरलं. मी त्यांच्या प्रती काढल्या आणि वाचल्याही. अजून आठवतंय, "काका तू कदी येनार. बाबाने मला सायकल शिकवली. आई म्हनते तू आलास की आपन सगळे फिरायला जाऊ. काकू रडली. मी नाही रडले." वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला सहसा येत नाही.

ती पानं शिक्क्याच्या भाषांतरकाराकडे गेली. माणूस नाकासमोर बघून काम करणारा. काका म्हणजे वडिलांचा भाऊ, काकू म्हणजे वडिलांच्या भावाची बायको, बाबा म्हणजे वडील, आई म्हणजे आई. त्याने शब्दाला शब्द लावला आणि शिक्का मारला. त्याला दोष देता येत नाही. कोशात असंच लिहिलेलं असतं.

उत्तर आलं ते असं. धाकटीचा व्हिसा मंजूर. भिंगरीचा रोखलेला. कारण दिलं होतं. मुलीच्या स्वतःच्या लिखाणावरून ती अर्जदाराची पुतणी दिसते, आणि तिचे आईवडील तिच्याजवळच राहतात.

मला आधी हसू आलं. खोटं कशाला बोलू. धाकटी तो कागद घेऊन काउंटरशी उभी होती, आणि मी हसले. मग तिचा चेहरा बघितला. ती हळू आवाजात बोलणारी बाई आहे. घरात थोरल्या जावेच्या पुढे कधी गेली नाही, कुणाला उलटून बोलली नाही. ती म्हणाली, "मला ठरलेल्या मुदतीत तिकडे पोहोचायचंय. नाहीतर माझाही जाईल, आणि मग पहिल्यापासून. मी गेले तर ही इथे राहते. मी काय करू?"

मी म्हटलं, "नवरा काय म्हणतो?"

"म्हणतात, तू ये आधी, तिचं मागाहून बघू. दादाकडे आहेच की ती."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. फोन ठेवला."

त्या नवऱ्यासाठी ही गोष्ट उलटून बोलल्यासारखीच होती. तो दिवसभर पुन्हा पुन्हा फोन करत राहिला.

मग धावपळ सुरू झाली. भाषांतरकाराने वेगळ्या कागदावर खुलासा लिहून दिला, की या घरात वडिलांना काका म्हणायची रीत आहे. रक्ताची तपासणी हा एक रस्ता होता, पण ती कार्यालयाने मागितली तरच धरतात, असं त्यांच्या सल्लागाराने सांगितलं. कार्यालयाने ती मागितली नाही. खुलासा मिळाला, असं त्यांनी कळवलं, आणि मुलीला मुलाखतीला बोलावलं. मुलीला, म्हणजे भिंगरीला. एका अधिकाऱ्यासमोर बसून तिने सांगायचं, की कोण कोण आहे. बरोबर आई चालेल, पण आईने बोलायचं नाही.

त्या दिवशी पत्र्यापलीकडे बराच वेळ हातोडी वाजली नाही. मी डोकावले. सोफेवाले एका उघड्या सोफ्याच्या सांगाड्यावर बसले होते, स्प्रिंगा वर आलेल्या, आणि समोर घरातली सगळी उभी होती.

"आजपासून हिने मला बाबा म्हणायचं नाही," ते म्हणाले. "काका म्हणायचं. आणि काकाला बाबा."

त्यांची बायको म्हणाली, "अहो, पण खरं ते सांगितलं तर काय बिघडतं? आमच्याकडे असं म्हणतात, एवढंच तर सांगायचंय."

"कोण सांगणार? ही? तो साहेब विचारणार, काका म्हणजे कोण. ही काय समजावणार त्याला? आपण सगळे मिळून समजावलं, शिक्का मारून समजावलं, त्याला पटलं का? एक शब्द चुकला आणि पोर इथे अडकली. शब्दच बदलू."

"सहा वर्षांची सवय जाते का अशी?"

"मी ओ दिली नाही की जाईल."

मला हा सगळा प्रकार खुळचट वाटला, आणि मी तसं तोंडावर बोलले. घरात कुणी कुणाला काय म्हणायचं हे परक्या साहेबाच्या सोयीने का ठरावं? सोफेवाले म्हणाले, "झेरॉक्सबाई, तुमचा कागद हलला तर तुम्ही दुसरी प्रत काढता. आम्हाला दुसरी प्रत नाही."

आणि खरोखर त्यांनी ओ देणं बंद केलं. आयुष्यभर ज्याने हाक नसतानाही ओ दिली, तो माणूस. भिंगरी शाळेतून यायची आणि दारातूनच ओरडायची, "बाबा!" आत ठक ठक चालू. "बाबा!" ठक ठक. मग ती जवळ जाऊन कानाशी ओरडायची. ते तोंडातून चूक काढायचे, लाकडाला लावायचे, ठोकायचे. मी या बाजूला बसून ऐकायची. एकदा रागावून तिने त्यांच्या डब्यातल्या सगळ्या चुका रस्त्यावर फेकल्या. त्यांनी एकेक वेचून आणली, पण ओ दिली नाही.

पोर हुशार. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून तिने गिऱ्हाइकासारखा घोगरा आवाज काढला, "ओ सोफेवाले, आहात का?"

आतून झटकन आली, "ओ."

मी हसत हसत काउंटर सोडून त्यांच्या दारात गेले. तेही हसले, चुका सांडल्या. तसं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. पण मग त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "सोफेवालेही नाही. काका. काका म्हणालीस की मी कुठेही असलो तरी ओ देणार."

"पण काका तिकडे आहे."

"तिकडे बाबा आहे."

"मग तू कोण?"

"मी काका."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई तुला बाबा म्हणते."

हा मुद्दा कुणाच्या लक्षात आलाच नव्हता. मूळ दुखणं तेच तर होतं. ताईचं ऐकून ती बोलायला शिकली होती, आणि ताई अजून बाबाच म्हणत होती. तेव्हा फर्मान निघालं की भिंगरी आसपास असताना ताईनेही बाबा म्हणायचं नाही. कॉलेजात जाणारी मुलगी, तिला ते फार लागलं. ती काका तर म्हणणार नव्हती. ती वडिलांना "ऐका ना" म्हणू लागली, जशी बायको नवऱ्याला म्हणते, आणि त्यावरून तिच्या आईने तिच्यावर डोळे वटारले. त्या घरात काही महिने कुणी कुणाला सरळ हाक मारेनासं झालं. चहा झालाय हे सांगायला माणसं उठून दुसऱ्या खोलीत जायची.

थोरल्या जावेला हे जमलं नाही. "आई" अशी हाक आली की तिच्या तोंडून "काय गं" निघून जायचंच. मग ती हाक यायच्या आधीच जिना चढून गच्चीवर जायला लागली. वाळलेले कपडे आणायच्या निमित्ताने ती ओले कपडेही घेऊन यायची.

आणि धाकटी. तिला भिंगरीने पहिल्यांदा "आई" म्हटलं ते शिकवल्यासारखं, पाढा म्हटल्यासारखं. ती तेव्हा पीठ मळत होती. तिने कसेबसे हात धुतले आणि माझ्याकडे आली, काही काम नसताना. तिच्या मनगटाला पीठ तसंच लागलेलं.

"म्हणाली मला," तिने सांगितलं. "मला किती बरं वाटलं, बाई. मी कधी बोलले नाही कुणाला, पण इतकी वर्षं वाटायचं, एकदा तरी म्हणावं." मग म्हणाली, "आणि वहिनी वर गच्चीत उभ्या आहेत. मला बरं वाटतंय याचंच वाईट वाटतंय."

मी तिला स्टूल दिलं. ती बसली आणि रडली, आणि मी एका गिऱ्हाइकाला मशीन बंद आहे म्हणून परत पाठवलं.

मुलाखतीच्या दिवशी सोफेवाले त्यांच्याबरोबर गेले, पण त्यांना बाहेरच बसवलं. आत काय झालं ते मला धाकटीने जसं सांगितलं तसं सांगते. पांढरी खोली, एक टेबल, टेबलामागे अधिकारी बाई. त्यांना आपली भाषा येत नव्हती, म्हणून पडद्यावर एक दुभाषा, कुठल्यातरी दुसऱ्या शहरात बसलेला, कानाला यंत्र लावून. धाकटी मागे भिंतीशी खुर्चीवर. भिंगरी टेबलाशी, पाय जमिनीला न टेकणारे, खुर्ची फिरती. अर्थात ती फिरायला लागली.

अधिकारी बाईंनी घरचे फोटो दाखवले. हे कोण? "बाबा," भिंगरी म्हणाली, वेल्डरकडे बोट दाखवून. हे कोण? "काका." ही? "आई." धाकटीने श्वास सोडला. सगळं पाठ होतं, एकही चूक नाही.

मग बाईंनी ती वहीची पानं काढली. "तुला सायकल कुणी शिकवली?"

"काकाने."

"इथे तू लिहिलंयस, बाबाने शिकवली."

भिंगरीची खुर्ची थांबली. हा प्रश्न घरात कुणीच काढला नव्हता. धाकटी सांगत होती, की तिला उठून ओरडावंसं वाटत होतं, आणि तिने खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या.

भिंगरी म्हणाली, "तेव्हा तो बाबा होता."

दुभाष्याने ते सांगितलं. अधिकारी बाईंनी लेखणी उचलली. "आणि आता?"

"आता तो काका आहे. बाबा म्हटलं तर ओ देत नाही."

"का देत नाही?"

"मला विमानात बसता यावं म्हणून."

इथे दुभाषा बोलायचा थांबला. त्याचं काम फक्त इकडचं तिकडच्या भाषेत सांगायचं. मग त्याने अधिकारी बाईंची परवानगी मागितली, की मला स्वतःच्या वतीने एक सांगू द्या. ते त्याने तिकडच्या भाषेत सांगितलं. धाकटीला त्यातला एकच शब्द कळला, कारण तो आपला होता, आणि त्याने तो दोनदा उच्चारला. वहिनी. तो त्याच्या आईला म्हणत असणार. अधिकारी बाईंनी बराच वेळ काही लिहिलं. मग भिंगरीला विचारलं, खुर्ची आवडली का. ती म्हणाली, आमच्या काकाने बनवली असती तर ही कुरकुरली नसती.

बाहेर आल्यावर धाकटीने दिरांना हे सगळं सांगितलं. पढवल्याचं पोरीने सांगून टाकलं, आता संपलं, असं तिला वाटत होतं. सोफेवाल्यांनी एकच विचारलं, "ओ देत नाही, असं म्हणाली?"

"हो, दादा."

घरी आल्याआल्या त्यांनी तोंडात चुका भरल्या, समोर काम नसताना.

काही आठवड्यांनी, धाकटीची मुदत संपायच्या आत, भिंगरीचा व्हिसा आला. कशामुळे आला ते कुणालाच कळलं नाही. पाठ केलेल्या उत्तरांमुळे, न पाठ केलेल्या उत्तरामुळे, की पडद्यावरच्या त्या माणसाच्या वहिनीमुळे. मला विचाराल तर मी म्हणेन, पोर खरं बोलली म्हणून. सोफेवाल्यांना विचाराल तर ते म्हणतील, शब्द बदलले म्हणून. यावर आमचं अजून एकमत नाही.

व्हिसा आल्यावर मी म्हटलं, "आता तरी सोडा तो हट्ट. जायच्या आधी चार दिवस बाबा म्हणू द्या तिला. ओ द्या."

"आणि तिकडे गेल्यावर?" ते म्हणाले. "तिकडच्या शाळेत बापाला काका म्हणाली तर पुन्हा कुणीतरी कागद मागवेल. आणि त्याचंही आहेच ना." त्याचं म्हणजे धाकट्याचं. "त्याने एवढा लांब राहून राबावं, आणि पोरीने त्याला काका म्हणावं. मी इथे बसून फुकटचा बाप झालो होतो, बाई. त्याचा विचार कधी केलाच नाही कुणी. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण मीही कधी विचारलं नाही."

हा माणूस इतका विचार करत असेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटायचं, ठोकतो आणि ओ देतो.

निघायच्या दिवशी धाकटी गाडीत सामान चढवत होती आणि भिंगरी दुकानात शिरली. नवे बूट, नवा कोट, हातात छोटी पिशवी. "काका," ती म्हणाली. सहज, न अडखळता, जशी कुठलीही मुलगी आपल्या काकाला म्हणते.

"ओ," ते म्हणाले, लगेच.

"मी चालले."

"जा. नीट रहा. फिरत्या खुर्चीवर बसलीस तर धरून बस."

तिने त्यांच्या मानेला मिठी मारली आणि गाडीकडे पळाली. थोरली जाऊ दारात उभी होती. तिला ती "काकू, येते" म्हणाली. थोरलीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी वळेपर्यंत ती धड उभी राहिली. मग आत गेली, आणि त्या दिवशी गच्चीवर गेली नाही, कारण आता जायचं कारण उरलं नव्हतं. ताई मात्र वडिलांजवळ आली आणि किती महिन्यांनी म्हणाली, "बाबा, चला आत." त्यांनी तिला ओ दिली, पण थोडी उशिरा. मला ते ऐकू आलं.

परवाची गोष्ट. कुणाच्यातरी दाखल्याची प्रत सलग दुसऱ्यांदा तिरकी आली, म्हणून मी तो कागद नाचवत पलीकडे गेले. सोफेवाल्यांनी सोफ्याच्या हातावर फोन उभा करून ठेवला होता. पडद्यावर भिंगरी. समोरचा एक दात पडलेला, केस कापलेले, मागे मोठी खिडकी. ती शाळेचं काहीतरी सांगत होती, आणि हे हातोडी न थांबवता ऐकत होते, तोंडात नेहमीप्रमाणे चुका. मी कागद हातात घेऊन थांबले. भांडायचं ते जरा मागाहून, म्हटलं.

बोलता बोलता तिला काहीतरी आठवलं. तिने मान मागे वळवली आणि मोठ्याने हाक मारली, "बाबा!"

"ओ," सोफेवाले म्हणाले.

तिकडून, दुसऱ्या खोलीतून, वेल्डरचा आवाज आला, "आलो गं."

भिंगरी पुन्हा पडद्याकडे वळली. तिने त्यांच्याकडे बघितलं, डोकं एका बाजूला झुकवून, आणि विचारलं, "काका, तू का ओ दिलीस? मी बाबांना बोलावत होते."

सोफेवाल्यांनी तोंडातल्या चुका एकेक करून हातावर काढल्या.

"सवय गं," ते म्हणाले.